खाणीतली नॅरोगेज: दगडखाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या छोट्या रेल्वेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅरोगेज म्हटलं की आपल्याला माथेरानची गाडी आठवते, विदर्भातल्या माणसाला शकुंतला, सोलापूर-लातूरकडच्यांना बार्शी लाइट. या गाड्यांना तिकीट होतं, स्टेशनं होती, चहावाला होता. इथे लिहिलंय ते त्यांच्या काळ्याकुळकुळीत, धुळीने माखलेल्या भावंडांबद्दल. ती गावाला जोडायला नव्हती, दगडाच्या कड्यापासून भट्टीपर्यंत किंवा बंदरापर्यंत जायला होती. गेली काही वर्षं याच विषयाचा नाद असल्याने लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

नॅरोगेज म्हणजे नेमकं किती रुंद? आणि मोजतात कुठून?

दोन रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर म्हणजे गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० मिलिमीटर. आपल्याकडे नॅरोगेज म्हणजे अडीच फूट (७६२) किंवा दोन फूट (६१०). ब्रिटनमध्ये मात्र १४३५ मिलिमीटरच्या 'स्टँडर्ड'पेक्षा कमी ते सगळं नॅरो, त्यामुळे आपल्या मीटरगेजलाही ते नॅरोगेजच म्हणतील.

मी एकदा नेरळला शिंप्याची टेप घेऊन रुळाशी बसलो होतो. गँगमन थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "काका, रुळाला पँट शिवताय का?" माप दोन फुटांपेक्षा थोडं जास्त भरलं तेव्हा मी गोंधळलो, तर तोच म्हणाला, "वळणावर मोजताय ना, तिथं सैलच असतं." बरोबर होतं त्याचं. तीव्र वळणावर चाकं अडकू नयेत म्हणून गेज मुद्दाम किंचित वाढवतात. मोजायचं तर सरळ मार्गावर मोजा.

खाणींना एवढे अरुंद रूळ कशाला लागायचे? पैसे वाचवायला?

पैसे वाचायचे हे खरं, पण मूळ कारण जागा. खाण पायऱ्यापायऱ्यांनी कापत जातात. सुरुंग उडाला, दगड उचलला, की कडा दोन-चार मीटर मागे सरकतो. मग रूळही मागे सरकवावा लागतो. ब्रॉडगेजचा रूळ हलवायला शंभर माणसं लागतील आणि वळायला तिला १७५ मीटर त्रिज्या तरी हवी. दोन फुटी हलका रूळ लोखंडी स्लीपरांसकट तुकड्यातुकड्यांनी येतो, चार माणसं एक तुकडा उचलून बाजूला ठेवतात, आणि हाताने ढकलायच्या गाड्यांना दहा-बारा मीटर त्रिज्येचं वळणही चालतं.

असा 'उचला आणि ठेवा' रूळ लोकप्रिय केला तो फ्रान्सच्या पॉल दकोव्हिल यांनी, १८७५च्या सुमारास. हेतू खाणीचा नव्हताच. त्यांच्या शेतात बीटाचं पीक चिखलात अडकून पडलं होतं, ते बाहेर काढायचं होतं. पुढे १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात याच धर्तीच्या छोट्या गाडीने साठ लाखांहून जास्त लोक फिरवले आणि जगभरच्या खाणवाल्यांचे डोळे चमकले. जर्मनीची ओरेनस्टाइन अँड कोपेल आणि इंग्लंडमधल्या लीड्सची हडसन या कंपन्यांनी मग कॅटलॉगमधून अख्खी रेल्वे विकायला सुरुवात केली: रूळ, सांधे, टर्नटेबल, वाघिणी, इंजिन, सगळं.

माथेरानशी संबंध इथे येतो. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीची वाफेची चारही इंजिनं ओरेनस्टाइन अँड कोपेलचीच. पुढचा आणि मागचा आस पोकळ नळीत बसवून त्याला किंचित बाजूला सरकू देणारी रचना त्यांत होती, म्हणून ती इंजिनं त्या घाटात वळू शकली.

स्किप म्हणजे काय? जुन्या फोटोत ती त्रिकोणी डबकी दिसतात तीच का?

तीच. खाण रेल्वेचा आत्मा इंजिनात कमी आणि या डबक्यात जास्त होता असं माझं मत आहे.

चार चाकांची लोखंडी चौकट, तिच्या दोन टोकांना उभे आधार, आणि त्यांवर झुलत बसलेलं व्ही आकाराचं पत्र्याचं पोट. एका टोकाला अडकवणी. भरलेलं असताना पोट सरळ राहतं ते त्या अडकवणीमुळे. रिकामं करायचं तर माणूस टोकाशी उभा राहतो, पायाने नाहीतर दांड्याने अडकवणी उडवतो आणि पोटाला खांदा लावतो. वजन मध्यापेक्षा किंचित वर असल्याने एकदा कलंडायला लागलं की स्वतःहून उलटतं. टनभर चुनखडी दोन सेकंदांत खाली. मग रिकामं पोट हातासरशी सरळ करायचं, अडकवणी खटकन बसल्याचा आवाज ऐकायचा, पुढचं डबकं. आवाज नाही आला तर ते वाटेत उलटणार, आणि उलटलं तर मागच्या गाडीचा रस्ता बंद.

डबकी साधारण अर्धा ते एक घनमीटरची. याहून मोठी केली तर एका माणसाला सपाटीवर ढकलता येत नाहीत. म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचं माप शेवटी एका माणसाच्या खांद्यावरून ठरलेलं आहे.

सिमेंट कारखान्याला स्वतःची रेल्वे का लागायची? दगड बैलगाडीने, ट्रकने का नाही?

हिशोब बघा. एक टन क्लिंकर (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) बनवायला दीड टनाच्या आसपास कच्चा माल लागतो, त्यातली बहुतेक चुनखडी. शुद्ध चुनखडीच्या वजनापैकी ४४ टक्के भट्टीत कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणजे खाणीपासून वाहून आणलेल्या ओझ्याचा मोठा हिस्सा धुराड्यातून आकाशात जाणार. असा माल लांबवर नेणं परवडत नाही, म्हणून कारखाना दगडाशेजारी उभा राहतो. दुसरं म्हणजे भट्टी थांबत नाही. साधारण १४५० अंशांवर तापलेली फिरती भट्टी थंड करून पुन्हा पेटवणं म्हणजे पैशांचा धूर. तिला रात्रंदिवस दगड हवा. पाच-सहा किलोमीटर अंतर, ठरलेला दर तासाचा माल, दर दिवशी तोच रस्ता: ट्रकच्या आधीच्या काळात या कामाला रुळांपेक्षा चांगलं काही नव्हतं.

म्हणून या रेल्वेकडे 'वाहतूक' म्हणून बघू नका. ती कारखान्यातल्या यंत्राचा लांबलेला हात होती. भट्टी चालू तर गाडी चालू.

सिमेंट रेल्वेचं एक चांगलं उदाहरण सांगा.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात जीलाँग शहराला लागून फायन्सफर्ड. तिथल्या सिमेंट कारखान्याचा जवळचा दगड पुरेनासा झाला, म्हणून १९२०च्या दशकात बेट्सफर्डच्या चुनखडीच्या खाणीपर्यंत सुमारे साडेपाच किलोमीटरचा साडेतीन फुटी मार्ग घातला. कारखान्याच्या खासगी गाडीसाठी त्यात तब्बल १३०० मीटरचा बोगदा खणला! आपल्याकडे एखाद्या घाटात एवढा बोगदा असता तर त्याच्या नावाने सेल्फी पॉइंट झाला असता. इथे त्यातून फक्त दगड जायचा.

भरलेली गाडी चढावर, बोगद्यातून ओढायला साधी इंजिनं अपुरी पडू लागली तेव्हा १९३०च्या दशकात मँचेस्टरच्या बायर पीकॉककडून दोन गॅरट इंजिनं आली. गॅरट म्हणजे मध्ये बॉयलर आणि त्याच्या पुढे-मागे चाकांचे दोन वेगळे संच, दोन्ही स्वतंत्र वळणारे. वजन अनेक चाकांवर वाटलं जातं, रूळ हलके असले तरी चालतात, आणि ताकद दोन इंजिनांची. आपल्याकडे बंगाल-नागपूर रेल्वेने कोळशाच्या जड गाड्यांसाठी गॅरट वापरली, पण ती ब्रॉडगेजवर. सिमेंट कारखान्याच्या आवारात गॅरट असणं म्हणजे शेतात नांगराला हत्ती जुंपण्यासारखं, पण त्यांचं काम भागलं.

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने घाईघाईत स्वतःची गॅरट बनवली होती, एकूण ५७. सरकारी रेल्वेत चालकांनी त्यांना नावं ठेवली, पश्चिम ऑस्ट्रेलियात तर चौकशी आयोग बसला. युद्धानंतर त्यांतली काही या सिमेंट कारखान्याने घेतली. सरकारी रुळांवर बदनाम झालेलं इंजिन दगड ओढायला मात्र बरं ठरलं. आज त्या ५७ पैकी एकच उरलंय, जी ३३, मेलबर्नजवळच्या न्यूपोर्ट संग्रहालयात, आणि ते उरलं ते सिमेंट कारखान्यात होतं म्हणूनच.

१९६६ साली रेल्वेची जागा कन्व्हेअर बेल्टने घेतली. कारखाना पुढे २००१पर्यंत चालला.

इंजिनांची नावं 'ज्युरासिक', 'ट्रायासिक' ठेवली होती हे खरं का? की हा नंतरचा विनोद?

अगदी खरं, आणि डायनासोरच्या सिनेमाच्या कितीतरी आधी. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमधल्या सदम सिमेंट कारखान्याने ब्रिस्टलच्या पेकेट कंपनीकडून दोन फुटांहून जरा कमी गेजची इंजिनं घेतली. नावं भूगर्भशास्त्रातल्या काळांची: ज्युरासिक, ट्रायासिक, लायासिक, मेसोझोइक, निओझोइक, पॅलिओझोइक. कारण तिथला दगड 'ब्लू लायस' म्हणजे ज्युरासिक काळाच्या सुरुवातीचा, समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध. जो दगड ओढायचा त्याचंच वय इंजिनाच्या कपाळावर. १९०३ सालचं 'ज्युरासिक' आजही स्केगनेसला एका छोट्या पर्यटक रेल्वेवर आहे. कारखान्यात कोणीतरी रसिक साहेब असणार. आपल्याकडे इंजिनाला देवाचं किंवा मालकाच्या मुलीचं नाव पडलं असतं.

इंजिन नसताना गाड्या कशा चालायच्या?

उतारावर. हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा लांबेन.

वेल्समध्ये ब्लायनाय फेस्टिनियोग नावाचं गाव आहे. चारी बाजूंनी पाटीच्या दगडाचे, म्हणजे स्लेटचे, करडे ढीग. छपरांसाठी ही स्लेट सगळ्या युरोपात जायची, पण त्यासाठी आधी ती पोर्टमॅडॉकच्या बंदरात पोचायला हवी. १८३६ साली २१ किलोमीटरचा, दोन फुटांहून जरा कमी गेजचा असा फेस्टिनियोग रेल्वेचा मार्ग सुरू झाला. जेम्स स्पूनर यांनी तो डोंगराच्या कडेने असा आखला की सुमारे ७०० फूट उतरताना उतार जवळजवळ सारखा, ऐंशीला एक असा राहावा. म्हणजे ऐंशी फूट चाललात की एक फूट खाली. भरलेल्या वाघिणी सोडायच्या, त्या स्वतःच्या वजनाने समुद्रापर्यंत येणार.

वरून निघताना शेवटच्या वाघिणींमध्ये घोडे उभे. हो, घोडे गाडीतून खाली यायचे! त्यांच्यासाठी गवत घातलेल्या खास वाघिणी होत्या. खाली आले की रिकाम्या वाघिणींना जुंपायचे आणि वर. यायला सुमारे दीड तास, जायला जवळजवळ सहा. त्या काळच्या घोड्याला कोणी विचारलं असतं तर त्याने या रेल्वेचं कौतुकच केलं असतं, निम्मा प्रवास तरी बसून.

बसणं सोपं नव्हतं ते ब्रेकवाल्यांना. पन्नास-ऐंशी वाघिणींची माळ, इंजिन नाही, आणि काही वाघिणींनाच हातब्रेक. ब्रेकवाले धावत्या गाडीत स्लेटच्या थप्प्यांवरून एका वाघिणीवरून दुसरीवर जात ब्रेक आवळायचे आणि सोडायचे. जास्त आवळला तर चाक घासून सपाट होणार, कमी आवळला तर वळणावर गाडी खाली दरीत. वेल्समधला पाऊस, ओला दगड, अंधारे बोगदे. पुढे बसलेला माणूस शिंग फुंकायचा. १८६३ साली वाफेची इंजिनं आली, पण ती रिकामे डबे वर न्यायला. भरलेल्या गाड्या १९३९पर्यंत अशाच सुटून यायच्या. फुकट मिळणारं गुरुत्वाकर्षण कोण सोडतो?

खाणीच्या आत याहून सोपी युक्ती होती. सरळ उतारावर दोन समांतर रूळ, वर मोठा ढोल, त्यावर गुंडाळलेला दोर. दोराच्या एका टोकाला भरलेल्या वाघिणी, दुसऱ्याला रिकाम्या. भरलेल्या खाली जाताना रिकाम्यांना वर ओढतात. ढोलाशी एक माणूस ब्रेक धरून. विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे बांधले तर जे होईल तेच.

भारतातली मीटरगेज फेस्टिनियोगवरून आली, असं वाचलं. खरं आहे?

अर्धसत्य. १८६९ साली तिथे रॉबर्ट फेअरली यांचं 'लिटल वंडर' हे दोन तोंडांचं इंजिन आलं आणि फेब्रुवारी १८७०मध्ये त्याच्या चाचण्या बघायला रशियासकट देशोदेशींचे अभियंते जमले. खाणीचे दगड ओढणारी दोन फुटी गाडी एवढं काम करते तर देशभर अरुंद रूळ का घालू नयेत, ही चर्चा जगभर पेटली. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेचे जनरल पामर हेही फेस्टिनियोगला जाऊन प्रभावित झाले होते. त्याच वर्षी, म्हणजे १८७०मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या काळात भारतात मीटरगेज घ्यायचं ठरलं. पण एका गाडीमुळे ठरलं असं म्हणणं म्हणजे एका वडापावामुळे मुंबई झाली असं म्हणण्यासारखं. खर्च कमी करायचा दबाव आधीपासून होताच.

प्रत्येक खाणीचं गेज वेगळं का? एकच ठरवून का नाही टाकलं?

कारण त्यांना कोणाला भेटायचंच नव्हतं. खाण ते बंदर, संपलं. वेल्समधल्या दिनॉर्विक खाणीत आतली गाडी दोन फुटांहूनही कमी गेजची, आणि खाणीपासून बंदराकडे जाणारी पदार्न रेल्वे चार फुटी. मग काय करायचे, तर छोट्या वाघिणी चार-चार करून मोठ्या वाघिणीच्या पाठीवर चढवायचे. गाडीवर गाडी. सरे परगण्यातल्या डॉर्किंग ग्रेस्टोन चुन्याच्या कंपनीचं गेज तर तीन फूट सव्वादोन इंच! १८८० सालची तिथली दोन इंजिनं अजून टिकून आहेत, पण दुसऱ्या कुठल्याच रुळांवर ती चालू शकत नाहीत.

कामगार यातून प्रवास करायचे का?

काही ठिकाणी. पदार्न रेल्वेवर कामगारांची गाडी १८९५ साली आली. त्याआधी खाणकामगार स्वतःच्या पैशाने गट करून हाताने फिरवायच्या गाड्या बाळगायचे आणि त्याच रुळांवरून घरी जायचे. दहा-बारा तास दगड फोडून वर स्वतःलाच ओढत घरी.

या खाणींबद्दल लिहिताना फक्त इंजिनांच्या प्रेमात पडून चालत नाही. वेल्समधल्याच पेनरिन स्लेट खाणीत १९०० ते १९०३ असा तीन वर्षांचा संप झाला. 'या घरात कोणी गद्दार नाही' अशी वेल्श पाटी संपकऱ्यांच्या खिडक्यांत लागायची. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

इंग्लंडमध्ये रस्ते खराब होतात म्हणून रेल्वे घातली, असं कुठे झालं का?

लेटन बझर्ड. तिथे उत्तम वाळू, ओतकामाच्या साच्यांसाठी. पहिल्या महायुद्धात परदेशी वाळू बंद झाली आणि इथली मागणी वाढली. वाफेच्या जड वाहनांनी वाळू वाहून रस्त्यांची पार चाळण केली. युद्ध होतं तोवर दुरुस्तीचा खर्च सरकार सोसत होतं, युद्ध संपल्यावर हात झटकले. मग खाणवाल्यांनी सैन्याच्या खंदकांमागे वापरलेला दोन फुटी रूळ आणि सिम्प्लेक्स पेट्रोल इंजिनं स्वस्तात उचलली आणि नोव्हेंबर १९१९मध्ये रेल्वे सुरू केली. वाफेची दोन इंजिनं घेतली होती, ती जमली नाहीत, १९२१मध्ये विकली. ही जगातल्या सुरुवातीच्या अशा रेल्वेंपैकी एक, जी जवळजवळ पूर्णपणे तेलाच्या इंजिनांवर चालली. डंपरांनी उखडलेल्या रस्त्यावरून ज्यांना रोज जावं लागतं त्यांना या गोष्टीत रस वाटेल.

आणि माथेरानचं ७४० क्रमांकाचं इंजिन आता याच लेटन बझर्डच्या रेल्वेकडे आहे. नेरळच्या जांभ्याच्या धुळीतून उठून इंग्लंडमधल्या वाळूच्या रुळांवर.

भारतात अशी रेल्वे होती का?

होती, आणि चांगली दांडगी. बिहारमधली डेहरी-रोहतास लाइट रेल्वे, अडीच फुटी. १९०७ साली कलकत्त्याच्या ऑक्टेव्हियस स्टील कंपनीने ट्रामवे म्हणून सुरू केली, १९११मध्ये वाहतूक चालू झाली. शोण नदीच्या काठाने, कैमूरच्या डोंगरांतली चुनखडी आणि दगड घेऊन डेहरीच्या मोठ्या लाइनपर्यंत. पुढे डेहरीला लागून दालमियानगर उभं राहिलं: साखर, सिमेंट, कागद, सगळं एका आवारात. रोहतास इंडस्ट्रीजसाठी मार्ग तिऊरा-पिपराडीहपर्यंत लांबला आणि एकूण ६७ किलोमीटर झाला. यात प्रवासीही असत. १९८४ साली कारखाने बंद पडले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये रेल्वेही. आधी म्हटलं ना, यंत्राचा हात. धड गेलं की हात राहत नाही.

दुसरी धौलपूरची. राजस्थानातल्या या संस्थानाने १९०८ साली अडीच फुटी लाइन बाडीपर्यंत नेली, पुढे तांतपूर आणि सरमथुरापर्यंत. सिमेंटशी संबंध नाही, माल लाल वालुकाश्माचा. नवी दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात धौलपूरचा दगड आहे. ही गाडी पुढेही बराच काळ टिकली, कारण तोवर तिला माणसं लागली होती. टपावर बसलेल्या प्रवाशांचे तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. गेजबदलासाठी ती अलीकडेच बंद झाली.

मग महाराष्ट्रात का नाही?

दगडामुळे. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या बेसॉल्टवर बसलाय. त्याची खडी होते, सिमेंट होत नाही. सिमेंटजोगी चुनखडी आहे ती पूर्व विदर्भात, चंद्रपूर आणि यवतमाळच्या वणीकडच्या भागात. तिथले बहुतेक मोठे सिमेंट कारखाने १९७०नंतरचे. तोवर डंपर आणि बेल्ट आले होते, छोटी रेल्वे घालायची वेळ टळून गेली होती. म्हणजे चंद्रपूर शंभर वर्षं आधी औद्योगिक झालं असतं, तर या पानावर मराठी नावं जास्त असती.

आपल्याकडे दोन फुटी कारखानी रेल्वे पाहायची होती तर उसात. वालचंदनगर, रावळगावसारख्या ठिकाणी उसाच्या गाड्या रुळांवरून कारखान्यात जायच्या. तेच हलके रूळ, तसलीच इंजिनं, फक्त दगडाच्या जागी मोळ्या.

बार्शी लाइट खाणीची नव्हती, पण तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा मुद्दा इथे लागू पडतो: दर आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, मग हलक्या रुळांवरून जड गाडी नेता येते. हेच कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचेही अभियंते झाले. १८९७ला बार्शी, १९०४ला तिकडे. म्हणजे या एका बाबतीत कुर्डुवाडी आधी आणि इंग्लंड मागून.

या गाड्या बंद का पडल्या?

रबरी टायरांचे डंपर, पोकलेन आणि कन्व्हेअर बेल्ट. पोकलेन एका बकेटात दोन-तीन डबक्यांचा माल उचलतं. ते रिकामं डबकं शोधत बसलं तर त्याचं भाडं परवडत नाही. कडा मागे सरकला तर डंपर स्वतः मागे जातो, रूळ हलवायला माणसं नकोत. ठरलेल्या जागेपासून ठरलेल्या जागेपर्यंत सतत माल न्यायचा तर बेल्ट स्वस्त, फायन्सफर्डला तेच झालं. स्लेटला मात्र यंत्रांच्या आधी मंगलोरी कौलासारख्या कौलांनी आणि स्वस्त छपरांनी मारलं.

आता कुठे बघायला मिळतील?

वेल्स. दुसरं ठिकाण सुचवतच नाही, कारण तिथे एका आठवड्यात सगळं होतं. टॅलिथिन ही स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली पहिली रेल्वे, १९५१पासून. फेस्टिनियोग १९५५मध्ये पुन्हा सुरू झाली. मधला एक भाग वीजप्रकल्पाच्या जलाशयाखाली गेला, म्हणून वरून नवा मार्ग काढला, त्यात डोंगरातला एक पूर्ण वेढा आहे, आणि १९८२ साली गाडी पुन्हा ब्लायनायला पोचली. ल्हानबेरिसला दिनॉर्विक खाणीच्या कारखान्यात स्लेट संग्रहालय आहे. २०२१पासून हा सगळा प्रदेश युनेस्कोच्या यादीत. लंडनहून दक्षिणेला जाणार असाल तर ससेक्समधल्या ॲम्बर्लीच्या चुन्याच्या खाणीतलं संग्रहालय.

मॉडेल करायचंय. कोणतं माप घेऊ?

९ मिलिमीटर रुळांवर, ४ मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात. गेज सव्वादोन फुटांचं भरतं, पण डोळ्यांना चालतं. वळणं छोटी असल्याने अर्ध्या टेबलावर खाण मावते. दगड म्हणून खरा दगडच वापरा, थर्माकोल लगेच ओळखू येतं.

आमच्या गावाजवळ जुनी लाइन होती म्हणतात. ती खाणीची होती हे कसं ओळखू?

पाऊस संपल्यावर, गवत वाळल्यावर जा. पायवाट चढते-उतरते, रुळाचा बांध एका सारख्या उताराने जातो. दोन किलोमीटर चालूनही दम लागला नाही आणि तरी तुम्ही वर आलात तर तो बांध रुळाचा असण्याची शक्यता जास्त. ओढ्यावर दोन दगडी खांब आणि मध्ये काहीच नाही, असंही दिसेल. रूळ स्वतः सहसा गावातच असतात: कुंपणाला, विहिरीवरच्या आडव्या दांड्याला, जुन्या घराच्या छताला. रुळाच्या कडेवर कंपनीचं नाव आणि साल उठावदार अक्षरांत असतं, ते पुसून बघा.

लाकडी स्लीपर सापडला तर आणखी चांगलं. त्यावर दोन ठिकाणी खिळ्यांच्या भोकांच्या जोड्या असतात, रुळाच्या पायाच्या दोन्ही बाजूंना एकेक. एका जोडीच्या मध्यापासून दुसऱ्या जोडीच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यातून रुळाच्या माथ्याची रुंदी वजा करा. हलक्या रुळाला ती साधारण एक-दीड इंच असते. उत्तर चोवीस इंचांच्या आसपास आलं तर दोन फुटी, तीसच्या आसपास आलं तर अडीच फुटी. शिंप्याची टेप चालते.